गुलमर्गचा एक हिवाळा : हिम किती पडले आणि कधी पडले

वर्षभराचा पाऊस सरासरीइतका झाला, पण पीक हातचे गेले, असे आपण आपल्याकडे अनेकदा ऐकतो. जून-जुलै कोरडे गेले आणि सप्टेंबरमध्ये एकदम कोसळला, तर आकडेवारीच्या पुस्तकात वर्ष चांगले दिसते; शेतकऱ्याला मात्र ते चांगले नसते. पावसाची ही गोष्ट मुलांना लगेच पटते. हिमाचेही असेच असते का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी काश्मीरमधील गुलमर्गचा २०२३-२४ चा हिवाळा आपण पाहू या. त्या एकाच हंगामात तेथे हिमाचा दुष्काळही पडला आणि हिमाखाली माणूसही दगावला. वरवर या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकींशी संबंध आहे.

हंगाम कसा गेला?

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, पीरपंजाल रांगेत, २,६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात हे फुलांचे कुरण असते आणि हिवाळ्यात देशातील सर्वांत नावाजलेले स्कीइंगचे मैदान. येथील गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दोन टप्प्यांत अफरवट पर्वताच्या माथ्याजवळ, चार हजार मीटरच्या जवळपास पोहोचवतो. १९२७ साली ब्रिटिशांनी येथे स्की क्लब काढला, तेव्हापासून या उतारांवर लोक घसरत आले आहेत.

काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे तीन भाग केलेले आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे ‘चिल्लई कलां’, मोठी थंडी. पुढचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, धाकटी थंडी. आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. मोठ्या थंडीत पडलेले हिम टिकते आणि तेच उन्हाळ्यात पाणी देते, असा तेथील जुन्या लोकांचा अनुभव आहे.

२०२३-२४ मध्ये नेमकी ही मोठी थंडी कोरडी गेली. डिसेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये पाऊस व हिम मिळून सरासरीपेक्षा सुमारे ८० टक्के तूट होती, आणि जानेवारीचा पूर्वार्ध जवळजवळ निरंक गेला. गुलमर्गच्या कुरणावर वाळलेले पिवळे गवत दिसत होते. वर अफरवटाच्या बाजूला तेवढा हिमाचा पातळ थर होता. पर्यटकांनी खोल्या रद्द केल्या. स्कीइंग शिकवणारे, स्लेज ओढणारे, घोडेवाले, चहाच्या टपरीवाले यांची वर्षाची कमाई या तीन महिन्यांवर अवलंबून असते. ते सारे हात बांधून बसले.

जानेवारीच्या अखेरच्या दिवसांत आभाळ भरून आले आणि हिम पडू लागले. फेब्रुवारीत दोन वेळा जोरदार हिमवृष्टी झाली. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा २१ ते २५ फेब्रुवारी २०२४ या काळात पार पडला. पण २२ फेब्रुवारीलाच वरच्या उतारावर हिमस्खलन झाले. रशियाहून आलेला एक स्कीपटू त्यात मरण पावला. त्याच्या साथीदारांना बचाव पथकांनी बाहेर काढले.

हिम येते कोठून?

काश्मीरच्या हिवाळी हिमाचा आपल्या मान्सूनशी संबंध नाही. हे हिम पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्राच्या परिसरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून वाहणाऱ्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांच्या, म्हणजे जेट प्रवाहाच्या, सोबतीने इराण-अफगाणिस्तानमार्गे हिमालयापर्यंत येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. वाटेत भूमध्य, कॅस्पियन व अरबी समुद्रावरचे बाष्प त्यांत मिसळते. पर्वताला अडून ही हवा वर चढते, थंड होते आणि बाष्पाचे हिमकण बनतात. हेच पश्चिमी प्रवाह कधी दक्षिणेकडे झुकतात, तेव्हा त्यांचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा-विदर्भात झालेल्या मोठ्या गारपिटीत त्यांचा हात होता.

हिवाळ्याच्या एका महिन्यात साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. २०२३-२४ च्या पहिल्या दोन महिन्यांत जे आले ते दुबळे होते किंवा उत्तरेकडून निघून गेले. ते वर्ष एल निनोचेही होते. मात्र एखाद्या हंगामाचे खापर एकाच कारणावर फोडणे योग्य नाही, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. तापमानवाढीचा परिणाम मात्र हिशेबाने दाखवता येतो. हवेत वर जाताना दर किलोमीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे हवा २ अंशांनी तापली, तर पाऊस आणि हिम यांच्यामधली रेषा सुमारे ३०० मीटर वर सरकते. जेथे पूर्वी हिम पडत असे तेथे त्याच ढगातून पाऊस पडतो, आणि पाऊस डोंगरावर साठून राहत नाही.

उशिराचे हिम लवकर का जाते?

हिम वितळवणे सोपे नाही. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करायला ८० कॅलरी लागतात. हा झाला आपल्या पाठ्यपुस्तकातला अप्रकट उष्मा. ताज्या हिमात बहुतेक जागा हवेची असते; एक मीटर ताज्या थरातून साधारण दहा सेंटिमीटर पाणी मिळते. म्हणजे एक चौरस मीटर जागेवर १०० किलो. ते वितळवायला ८० लाख कॅलरी हव्यात. एवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. शिवाय ताजे हिम पांढरेशुभ्र असल्याने त्यावर पडलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के ऊन ते परत फेकते. हिमाचे हे दुहेरी चिलखतच म्हणायचे.

मग ते उशिरा पडले तर काय बिघडते? सूर्याची उंची पाहा. गुलमर्ग ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ३२.५ अंश वर असतो. २१ मार्चला तो ५६ अंशांवर असतो. सपाट जमिनीवर पडणारी ऊर्जा या कोनाच्या साईनच्या प्रमाणात असते. ३२.५ अंशांचा साईन ०.५४ आणि ५६ अंशांचा ०.८३. म्हणजे मध्यान्हीचे ऊन दीडपट झाले. दिवसही दहा तासांवरून बारा तासांवर गेला. डिसेंबरात पडलेल्या हिमाला दबून घट्ट व्हायला दोन महिने मिळतात. त्यावर पुन्हापुन्हा नवे थर येतात आणि मळलेला पृष्ठभाग झाकला जातो. उशिराच्या हिमाला ही सवड मिळत नाही. उन्हाने कण ओले व मोठे होतात, धूळ वर येते, परावर्तन निम्म्यावर येते. मग जास्त ऊन शोषले जाते आणि वितळणे आणखी वेगाने होते.

याचा फटका केवळ स्कीइंगला बसत नाही. डोंगरावरचे हिम हे विनाभिंतीचे धरण आहे. एक हेक्टरवर एक मीटर ताजे हिम म्हणजे दहा लाख लिटर पाणी. काश्मीरमध्ये भाताची लावणी मे-जूनमध्ये होते. तेव्हा झेलमच्या खोऱ्यातील ओढ्यांना या धरणाचे पाणी हवे असते. हिम उशिरा पडून मार्च-एप्रिलमध्येच वाहून गेले, तर धरण ऐन गरजेच्या वेळी रिकामे होते.

पातळ थराचा धोका

आता हिमस्खलनाकडे वळू. जानेवारीत आकाश निरभ्र होते. निरभ्र रात्री पृष्ठभागाची उष्णता आकाशात निघून जाते, त्यामुळे दिवसा ऊबदार असूनही रात्री कडाका पडतो. अशा वेळी हिमाच्या थरात काय घडते?

हिमाखालची जमीन साधारण शून्य अंशावर राहते, कारण हिम चांगले उष्णतारोधक आहे. वरचा पृष्ठभाग उणे १० अंशांवर आहे असे धरू. थर दोन मीटर जाड असेल, तर तापमानातील फरक दर मीटरला ५ अंश पडतो. थर फक्त ३० सेंटिमीटरचा असेल, तर तोच फरक दर मीटरला ३३ अंश होतो. हा फरक दर मीटरला सुमारे १० अंशांहून अधिक झाला, की खालच्या ऊबदार कणांचे संप्लवन होऊन वाफ वर सरकते आणि थंड कणांवर पुन्हा गोठते. असे काही दिवस चालले, की सुरुवातीच्या नाजूक हिमकणांच्या जागी पैलूदार, मोठे, सुटे स्फटिक तयार होतात. हातात घेतले तर ते साखरेसारखे ओघळतात. ते एकमेकांना चिकटत नाहीत.

या साखरेवर फेब्रुवारीत एकदम मीटरभर हिम येऊन बसले, तर वरची लादी जड आणि सलग, आणि तिचा पाया मात्र भुसभुशीत. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एखाद्या स्कीपटूचे वजनही पाया मोडायला पुरते, आणि सारी लादी सुटते. प्रत्येक हिमस्खलनात वारा, उतार आणि माणसाची वाट यांचाही भाग असतो. पण सुरुवातीला कोरडा आणि नंतर एकदम भरभरून आलेला हंगाम हा धोका वाढवतो, हे जगभरच्या पर्वतांत दिसून आलेले आहे. हिम कमी म्हणजे धोका कमी, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

वर्गात करून पाहा

एका ताटावर खरखरीत कापड ताणून चिकटवा. त्यावर मैद्याचा दोन बोटे जाड थर हलकेच दाबून बसवा. ताट एका बाजूने सावकाश उचला आणि थर कोणत्या कोनाला घसरतो ते कोनमापकाने मोजा. आता हाच प्रयोग मैद्याखाली साखरेचा पातळ थर देऊन करा. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढा. दोन कोनांत फरक का पडतो, हे मुलांनाच सांगू द्या. सूर्याच्या उंचीचा हिशेब आपल्या गावाच्या अक्षांशासाठीही करता येईल.

२०२४ नंतर लगेच पुढच्याच वर्षी गुलमर्गला तोच अनुभव आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेल्या हिवाळी स्पर्धा हिम नसल्याने पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्चला घेतल्या गेल्या. स्पर्धेची तारीख माणसाला बदलता येते. भाताच्या लावणीची तारीख आणि स्लेज ओढणाऱ्याच्या घरची चूल एवढ्या सहज पुढे ढकलता येत नाही. म्हणून एखाद्या हंगामाचा हिशेब मांडताना ‘एकूण किती’ या रकान्याशेजारी ‘केव्हा’ हा रकाना हवाच. काश्मीरच्या जुन्या लोकांनी हिवाळ्याचे थोरले-धाकटे भाग पाडले, तेव्हा हा रकाना त्यांनी आखूनच ठेवला होता.