पाच चर आणि तीन थाऊ

माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत टर्नर होते. मी जर्सी सिटीत राहून जुन्या रायफलीसाठी स्वतः काडतुसे भरतो, हे कळल्यावर त्यांनी फोनवर एवढेच विचारले, "माप कशाने घेतोस?" त्या प्रश्नाचे मोल मला पुढे कळले.

रायफल .३०३ ली-एन्फील्ड, इशापूरच्या कारखान्यातली. गणपतीच्या मिरवणुकीत हवालदाराच्या खांद्यावर आपण सर्वांनी पाहिलेली. शिशाच्या गोळ्या मी मित्राच्या अंगणात, उघड्यावर ओततो आणि हात धुतल्याशिवाय मुलांना शिवत नाही. घरात हा उद्योग करायला सौ.ची सक्त मनाई. तिचेही बरोबरच! १९१६ साली ३० जुलैला याच गावातल्या ब्लॅक टॉम धक्क्यावरचा दारूगोळा उडाला, तेव्हा हडसनपलीकडे मॅनहॅटनमधल्या काचा फुटल्या होत्या.

पहिल्याच दिवशी पन्नास यार्डांवरच्या कागदावर गोल भोकांऐवजी लांबट फाटे पडले. गोळ्या कोलांट्या खात, आडव्या जात होत्या आणि नळीत शिशाचे करडे पट्टे बसले होते. सल्ल्यांना तोटा नव्हता: शिसे कडक करा, वंगण वाढवा, दारू कमी करा. मी एकेक करून सगळे केले. दारू कमी करण्याच्या नादात एकदा नुसता 'फुस्स' आवाज आला. मी बोल्ट ओढून पुढचे काडतूस सरकवणार, तोच शेजारच्या गृहस्थांनी मनगट धरले. गोळी नळीतच अडकली होती. त्यावर दुसरी झाडली असती तर नळी माझ्या तोंडाजवळ फुटली असती. आवाज दबका आला की थांबायचे, रायफल रिकामी करायची, बोल्ट काढायचा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचे. यात घाई नको आणि भिडस्तपणा तर मुळीच नको.

खरे दुखणे मापाचे होते. गोळी नळीपेक्षा बारीक असली की तप्त वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे वितळवून नळीला फासतो. गोळी चरांत घट्ट बसत नाही, म्हणून तिला गिरकीही मिळत नाही. मी नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून काढला होता आणि व्हर्नियरने मोजला होता: ०.३११ इंच. तेवढ्याच गोळ्या केल्या होत्या.

वडिलांना पुन्हा फोन केला. "चर किती?" "पाच." "मग पाच दातांचा रीमर व्हर्नियरने मोजतोस काय रे?"

चर विषम असले की एका उंचवट्यासमोर दुसरा उंचवटा येत नाही, खाच येते. व्हर्नियर माप कमीच दाखवतो. ओळखीच्या वर्कशॉपमधून १०८ अंशांच्या व्ही-अ‍ॅनव्हिलचा मायक्रोमीटर मागून आणला. आकडा आला ०.३१४. तीन थाऊंची चूक! ओतीव गोळी चरांच्या मापाहून थाऊभर जाड हवी, म्हणून ०.३१५ची केली. मात्र एवढी जाड गोळी भरल्यावर काडतूस चेंबरमध्ये सहज बसते ना, हे आधी पाहिले. मान आवळली गेली तर दाब वाढतो.

पुढच्या रविवारी दहाही भोके गोल पडली.

माझ्याकडे एक रिकामे 'केएफ' शिक्क्याचे, म्हणजे खडकीचे काडतूस आहे. त्यात टोपीखाली मध्यावर एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोके आहेत, त्यामुळे नेहमीच्या अवजाराची पिन त्यात मोडते. ते मी भरत नाही. टेबलावर मायक्रोमीटरच्या डबीशेजारी उभे ठेवले आहे.