जीपमधली गर्मी गेली कुठं?

मे महिन्यात भर दुपारी रोह्याहून पेणला उघड्या जीपनं कधी गेला आहात का, दोस्तांनो? भिसे खिंडीतली धूळ, नागोठण्याच्या पुढं महामार्गावरच्या ट्रकचा धूर आणि कोकणातला घाम! पेणला उतरलो की आम्ही एकमेकांना ओळखत नसू, इतके लाल झालेलो असायचो.

मी सांगतोय ती गोष्ट १९९७ सालच्या उन्हाळी सुट्टीतली. सातवीची परीक्षा देऊन मी रोह्याला मामाकडे आलो होतो. मामाची जीप माझ्याहून वयानं कितीतरी मोठी. ताडपत्रीचं छप्पर, पुढं उंच बॉनेट. हे उंच बॉनेट म्हणजे सीजे-३बी जीपची खूण. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीच्या जीप जगभर गाजल्या. पुढं भारतात महिंद्रा कंपनी त्या बनवू लागली. १९५३ साली अमेरिकेत या जीपला नवं, उंचीनं मोठं पेट्रोल इंजिन बसवलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलं! अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, पण आपल्याकडे ते त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं.

मामाच्या जीपचं इंजिन आता थकलं होतं. लिटरभर पेट्रोलमध्ये जेमतेम सहा-सात किलोमीटर जायची. चढावर धापा टाकायची. आणि धापा आजीही टाकायची. तिला दमा होता. दर पंधरा दिवसांनी तिला पेणच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. रस्त्यातली धूळ नाकात गेली की तिथं पोचेपर्यंत तिचा जीव घाबरा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो हो, पण या धुळीचं काहीतरी करा." धूळ थांबवायची तर जीप बंद करायला हवी. पण मे महिन्यात बंद जीप म्हणजे भट्टीच!

आजीनं पेणला जाणंच सोडायचं ठरवलं. "माझ्यापायी एवढा खर्च नको," म्हणाली. मामा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जीप पेणच्या एका गॅरेजात नेली. मीही हट्टानं बरोबर गेलो.

आधी जागा, मग थंडावा

मिस्त्रीकाकांनी चेनकप्पी लावून जुनं इंजिन वर उचललं. त्याच्या जागी दुसऱ्या एका महिंद्रा जीपचं डिझेल इंजिन बसणार होतं. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्यावरचं, सुमारे साठ अश्वशक्तीचं. मामा हळूच म्हणाला, "मिस्त्री, यात एसी बसेल का हो?"

मला वाटलं, काका हसतील. पण ते म्हणाले, "बसेल. पण आत्ताच ठरवा. इंजिन बाहेर आहे तोवर सगळी जागा आपली आहे. एकदा ते आत बसलं, की बोटभर जागेसाठी भांडावं लागेल."

मग त्यांनी खडूनं फरशीवर चित्रच काढलं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच बेल्टवर फिरतो. त्यामुळं इंजिनला तो धरून ठेवणारा मजबूत ब्रॅकेट हवा, पुलीला जादा खाच हवी. एसीच्या पंख्याला जादा वीज लागते, म्हणून जुना डायनामो काढून आल्टरनेटर हवा. रेडिएटरपुढं एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर बसणार. मग रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळणार, म्हणून तो मोठा हवा. आणि सगळ्यांत आधी ताडपत्री काढून पत्र्याचं छप्पर, काचा आणि दारांना रबराची पट्टी. "गळक्या हंड्यात पाणी भरून काय उपयोग?" काका म्हणाले.

थंडी बनत नाही, बरं का!

मी विचारलं, "काका, एसी थंडी कशी बनवतो?"

"बनवत नाही. इथली गर्मी उचलून तिथं टाकतो."

तुम्हांला इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर दंडावर स्पिरिट लावतात ना? तिथं गार वाटतं. कारण स्पिरिट उडून जाताना तुमच्या कातडीतली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. एसीत हेच काम नळ्यांत कोंडलेला एक पदार्थ करतो. जीपच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात कमी दाबाखाली हा द्रव उकळतो, त्याचा वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून खेचून घेतो. कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, तेव्हा तो खूप तापतो. पुढच्या जाळीत बाहेरची हवा लागून तो निवतो आणि पुन्हा द्रव होतो. मग एका बारीक वाटेनं त्याला कॉइलकडे सोडतात, तिथं दाब एकदम घटतो, की पुन्हा पहिल्यापासून सुरू!

त्या वेळी आमच्या जीपमध्ये आर-१२ नावाचा वायू भरला होता. हा सीएफसी गटातला. असे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं. १९९५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला. पुढं आम्हीही जीपमध्ये आर-१३४ए भरून घेतला. नुसता वायू बदलून भागत नाही, कॉम्प्रेसरचं तेलही बदलावं लागतं. हा वायू ओझोन खात नाही, पण पृथ्वीची गर्मी वाढवतो. म्हणून २०१६ च्या किगाली करारानं त्याचाही वापर कमी करायचं ठरलं.

खिंडीतली फजिती

जीप तयार झाली. आम्ही मोठ्या ऐटीत एसी लावून भिसे खिंड चढू लागलो. अर्ध्या चढावर काटा लाल रेघेवर! बॉनेटमधून वाफ! आजी गाडीत नव्हती, हे नशीबच. मामानं गाडी थांबवली आणि इंजिन निवेपर्यंत बॉनेटला, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. उकळतं पाणी अंगावर उडतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

काकांनी दोष शोधला. पंखा आणि रेडिएटर यांच्यात मोठी फट होती. पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत होता. त्यांनी पंख्याभोवती पत्र्याचं कडं बसवलं. शिवाय मामाला बजावलं, "कॉम्प्रेसर इंजिनची दोन-चार अश्वशक्ती खातो. चढ कडक असेल तर एसी बंद ठेवायचा."

आणखी एक काम उरलं होतं. रायगड जिल्ह्याचं आरटीओ ऑफिस पेणलाच आहे. नव्या इंजिनचा नंबर तिथं नोंदवून, गाडी दाखवूनच मामानं जीप घरी आणली. आता तर नियम आणखी कडक आहेत. परवानगी घेतल्याशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल कायद्याला चालत नाहीत. तेव्हा घरी जुनी जीप असेल तर आधी चौकशी, मग पाना!

आजीचा प्रश्न

शेवटी आजी गाडीत बसली. काचा बंद. धुळीचा कण नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं एसी अगदी बेतानं लावलेला. नागोठणं आलं तरी आजीला एकदाही खोकला आला नाही. मागं वळून पाहिलं, तर ती चक्क झोपली होती!

पेणला उतरल्यावर गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं. मी ओरडलो, "मामा, रेडिएटर गळतोय!" मामा हसला. गार कॉइलवर आतल्या दमट हवेतलं पाणी जमतं आणि नळीनं खाली पडतं. कोकणातली हवा ती, पाणी भरपूर!

परतीच्या वाटेवर आजीनं विचारलं, "होय रे, आतली गर्मी बाहेर टाकतो म्हणतोस, मग ती जाते कुठं?"

"पुढच्या जाळीतून बाहेर. आणि इंजिनची गर्मीही तिथंच."

वडखळला एसटीच्या थांब्यावर गर्दी होती. एक बाई कडेवर पोर घेऊन उन्हात उभी होती. आमची जीप तिच्या पुढ्यातच थांबली होती. आजीनं मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग इथं जरा बंद कर. आणि विचार तिला, कुठं जायचंय."

तिला नागोठण्याला जायचं होतं. मी सरकून जागा केली.