गेम कसा आहे? नुसतं ‘भारी’ म्हणू नका!

सकाळी परतूर स्टेशनवर जालन्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत थांबलेली कॉलेजची पोरं कधी नीट बघितलीत? एका बाकड्यावर चौघं. चार मोबाइल आडवे, चार माना खाली. ‘मागून आला, मागून आला!’, ‘अबे, रिव्हाइव्ह दे ना!’ गाडी येते, चौघं चढतात, टेकायला जागा मिळाली की पुन्हा तेच.

त्यातल्या एकाला विचारा, गेम कसा आहे रे? उत्तर ठरलेलं. ‘भारी आहे ना!’

मग त्याच्या घरी विचारा. तिथलंही उत्तर ठरलेलं. ‘त्या मोबाइलनं वाटोळं केलं पोराचं.’

गंमत अशी, की ही दोन्ही मतं गेमच्या आत डोकावून दिलेली नसतात. घरच्यांनी तो खेळलेला नसतो आणि आपण खेळलो तरी त्याच्याकडे नीट बघितलेलं नसतं. ‘सैराट’चा शेवट बरोबर होता का, यावर आपण तासभर भांडू शकतो. मॅच कुठल्या ओव्हरमध्ये हातातून गेली, यावर तर रात्र काढू. पण ज्याला रोजचे दोन-तीन तास देतो, त्या गेमबद्दल बोलायला आपल्याकडे शब्द एकच. भारी. नाहीतर बोअर.

तर आज थोडं त्याच्या पुढे जाऊ.

सापशिडीनं शिकवलेली गोष्ट

सापशिडी आपण सगळेच खेळलोय. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचं नातं थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचं घर म्हणजे मोक्ष. म्हणजे पोरं फासे टाकत बसायची आणि खेळता खेळता एक अख्खं तत्त्वज्ञान त्यांच्या बोटांखालून जायचं. पुढे इंग्रजांनी हा खेळ उचलला. मोक्ष गेला, साप आणि शिड्या राहिल्या.

यातून एक गोष्ट कळते. खेळाचे नियम आभाळातून पडत नाहीत. ते कुणीतरी ठरवतं, आणि ठरवताना जग कसं चालतं याबद्दलचं आपलं म्हणणं त्यात घालतं. म्हणून कुठलाही गेम उघडलात की ग्राफिक्सच्या आधी एक प्रश्न विचारा. हा गेम काय खरं मानून चाललाय?

चला, काही गेमना हा प्रश्न विचारून बघू.

शंभर जण आणि एक बेट

सुरुवात अर्थातच बीजीएमआयपासून. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा किती जणांनी जेवण सोडलं होतं, आठवतंय? जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढं जाणं-येणं झालं, पण मूळ नियम तोच. शंभर जण रिकाम्या हातानं उतरतात, वर्तुळ लहान होत जातं, शेवटी एक टीम उरते.

यातली चांगली बाजू आधी मान्य करू. सगळे रिकाम्या हातानं उतरतात. कुणाचा बाप कोण, कुणाचं कॉलेज कुठलं, विमानातून उडी मारताना कुणी विचारत नाही. पैसे मोजून मिळतात ते मुख्यतः कपडे आणि बंदुकीची रंगरंगोटी. फ्री फायर मॅक्सशी तुलना करा. तो गेम साध्या फोनवर चालतो आणि पन्नास जणांचा डाव दहा-एक मिनिटांत संपतो, म्हणून गावोगाव पोचला. पण त्यात काही गन स्किन घेतल्या की बंदुकीची ताकदही बदलते. म्हणजे तिथं खिसा नेमाच्या मदतीला येतो.

आता दुसरी बाजू. बीजीएमआयची समता बेटावर उतरेपर्यंतच. तुमचा फोन आठ हजारांचा असेल आणि समोरच्याचा पन्नासचा, तर त्याला तुम्ही आधी दिसता, तुम्हाला तो नंतर. नेटवर्कनं दगा दिला तर विषयच संपला. सुरुवातीच्या लेव्हलला तुम्ही धडाधड पाडलेले कित्येक ‘शत्रू’ माणसं नसून बॉट असतात, हेही माहीत असू द्या. पहिल्या चिकन डिनरचा आनंद थोडा कमी होईल, पण खरं ते खरं. आणि मुलींनो, तुमच्यातल्या किती जणी माइक बंद ठेवून खेळतात? आवाज ऐकला की समोरून काय काय येतं, ते तुम्हाला सांगायला नको. पोरांनो, हा दोष कंपनीवर ढकलता येणार नाही. तो आपला आहे.

कापूस आहे, वेचणीला बाया नाहीत

आता आपल्या विषयाकडे येऊ. शेती. आपण कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले. शेतीच्या गेमवर मत द्यायचा हक्क परतूरच्या पोरापोरींपेक्षा कुणाला जास्त असणार?

‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ चा गेम. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त काळ खपून तो बनवला. कोड, चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. ऑफिसला कंटाळलेला तरुण आजोबांच्या शेतावर येतो, अशी गोष्ट. खेळायला इतका छान, की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. पण जरा शेतकऱ्याच्या नजरेनं बघा. माल संध्याकाळी घरापुढच्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. आवक वाढली म्हणून भाव पडला, असं कधीच होत नाही. हा गेम खरं मानतो की कष्ट केले की फळ मिळतंच. म्हणूनच तो शहरातल्या थकलेल्या माणसाला एवढा आवडतो. आपल्याला खेळताना मात्र मध्येच हसू येतं.

‘फार्मिंग सिम्युलेटर’ जास्त गंभीर. त्यात बँकेचं कर्ज आहे, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे भाव आहेत. २०१८ मध्ये आलेल्या ‘फार्मिंग सिम्युलेटर १९’पासून त्यात कापूसही आला. कापूस बघायचा म्हणून हौसेनं खेळायला घ्याल, तर काय दिसतं? घराएवढं यंत्र शेतात शिरतं आणि मागून कापसाचे गठ्ठे टाकत जातं. वेचणीला बायाच नाहीत! आपल्याकडे कापूस म्हणजे कमरेला ओटी बांधलेल्या बाया, बोटांना टोचणारी बोंडं, किलोवर ठरलेली मजुरी. हे त्या गेमला माहीतच नाही. तो खोटा आहे असं नाही. तो दुसऱ्या देशातल्या शेतीबद्दल खरा आहे. पण तो खेळून कुणी ‘मला शेती कळली’ म्हणालं, तर त्याला दिवाळीनंतर एक दिवस रानात पाठवा.

आणि तिसरा ‘हे डे’. तुमच्यातल्या अनेकांच्या फोनमध्ये असेल. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीनं २०१२ मध्ये आणला. गहू दोन मिनिटांत तयार होतो, पीक कधी वाळत नाही. थांबायचं नसेल तर हिरे खर्च करा. इथेच त्याची खरी मेख आहे. हा गेम तुम्हाला शेती विकत नाही, थांबायचा कंटाळा विकतो.

बंदुकीच्या पलीकडे

गेम म्हणजे मारामारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘पेपर्स, प्लीज’ खेळून बघावा. लुकास पोप यांचा २०१३ चा हा गेम २०२२ पासून मोबाइलवरही आहे. विकत घ्यावा लागतो. एका काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही कागद तपासणारे कारकून. रोज नवा नियम. जितकी माणसं तपासाल तितका पगार आणि चुका वाढल्या की दंड. रात्री हिशोब करायचा, घरभाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च. एके दिवशी एक माणूस येतो, कागद बरोबर. त्याच्या मागे त्याची बायको. तिच्याकडे परवाना नाही. तुम्ही काय कराल?

दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण आयुष्यभर खिडकीच्या बाहेर उभे असतो. हा गेम आपल्याला खिडकीच्या आत बसवतो. आणि चार दिवसांत आपणही ‘कागद अपूर्ण आहे, पुढचा!’ म्हणायला लागतो. हे बघून स्वतःचीच जरा भीती वाटते. तक्रार एकच, वाचायला खूप आहे आणि इंग्रजीवर हात बसलेला नसेल तर दम लागतो.

‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडचा २०१४ चा गेम. सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून सुचलेला. यात तुम्ही सैनिक नाही, युद्धात अडकलेली साधी माणसं आहात. औषधासाठी एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचं घर लुटलंत, तर तुमचं पात्र पुढे खचून जातं. २०२० मध्ये पोलंड सरकारनं हा गेम शाळांसाठीच्या पूरक यादीत घेतला. मध्ये मध्ये तो रटाळ होतो, वस्तू गोळा करत बसावं लागतं. पण बीजीएमआयच्या शंभर पडझडींनंतर हा एक गेम खेळा. मेलेला माणूस पेटीत बदलत नाही, हे कळतं.

आपल्याकडचे

आपल्याकडेही गेम बनतात. घराघरात पोचलेला ‘लुडो किंग’ नवी मुंबईचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, पहाडी चित्रशैलीसारखे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. दिसायला देखणा. पण आपला म्हणून गुण वाढवून देऊ नका. मारामारी लवकरच तीच ती वाटते आणि कथा रंगात आली असताना अचानक संपते.

‘इंडस’ही पुण्याचाच. सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. सिंधू संस्कृती पुढे गेली असती तर, अशी भन्नाट कल्पना. ‘कॉस्मियम’ मिळवून जिंकायची एक वेगळी वाटही त्यात ठेवलीय, हे चांगलं. बाकी मात्र उतरा, लुटा, मारा. जग नवं, नियम जुना.

याउलट ‘वेन्बा’. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, २०२३ चा गेम. आईची फाटकी पाककृतींची वही, पुसलेल्या ओळी आणि आपण स्वयंपाक करत त्या जुळवायच्या. मुलगा मात्र हळूहळू तमिळ बोलायचं टाळायला लागतो. दीड-दोन तासांत संपतो, कोडी सोपी आहेत. तरी संपल्यावर आईला फोन करावासा वाटतो. आजीचे धपाटे, तिचा अंदाजानं टाकलेला मसाला, तिची बोली. यावर मराठी गेम का नसावा? आणि तो पुण्याच्याच कुणी का बनवावा? गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं.

गेम की सापळा?

एक गोष्ट स्पष्ट बोलू. काही ॲपना आपण गेम म्हणतो, पण तो गेम नसतो. रमी, पैसे लावायच्या टीम, ‘पहिले पन्नास फ्री’. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्हींवर. चांगलंच झालं. घरी सोयाबीनची पट्टी आली, त्यातले पैसे परस्पर उडाले आणि मग पोरगं घरी तोंड दाखवेना, ही गोष्ट कुणाच्या गावात ऐकू आलेली नाही?

पण कायदा सगळीकडे पुरणार नाही. साध्या गेममध्येही ‘क्रेट’ असतो. आत काय निघेल माहीत नाही, तरी पैसे टाका. रोज लॉगिन केलं नाही तर बक्षीस बुडतं. पास संपायला तीन दिवस उरले, म्हणून फोन वाजतो. म्हणून दुसरा प्रश्न लक्षात ठेवा. हा गेम मला थांबू देतो का? ‘वेन्बा’ संपतो. ‘राजी’ संपतो. जो कधीच संपत नाही, त्याचं गिऱ्हाईक आपण असतो.

म्हणजे खेळणं बंद करा, असं नाही. खेळा. पण या आठवड्यात एक काम करा. तुम्ही सगळ्यात जास्त खेळता त्या गेमवर दहा ओळी लिहा. मराठीत. तो काय खरं मानतो? काय लपवतो? तुम्हाला थांबू देतो का? दहा ओळींत ‘भारी’ हा शब्द एकदाही नको. जमलं, की घरच्यांशी भांडायलाही नवा मुद्दा मिळेल.

आणि जमलंच तर ‘हे डे’ उघडून एकदा वडिलांना दाखवा. त्यात रस्त्याकडेला आपलं छोटं दुकान असतं. माल मांडायचा आणि गेमनं घातलेल्या मर्यादेत भाव आपणच टाकायचा. म्हणावं, ‘पप्पा, इथं भाव शेतकरी ठरवतो.’

ते काय म्हणतात, ते ऐका. त्या गेमवरचं तेवढं खरं मत दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही.