उजव्या पंखातले दोन रुपये

आमचं विमान दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी आलं ते बियाण्याच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून. अण्णा गेल्यावर त्यांच्या मुलानं ते आळंदहून भालकीला आणून दिलं. "काका, टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही," एवढंच म्हणाला. तिघांतले मास्तर त्याआधीच गेले होते. उरलो मी, आणि वाळवीनं शेपूट खाल्लेलं ते विमान.

मुलांनो, तुम्हाला बीदरचं आकाश म्हटलं की सूर्यकिरणची लाल-पांढरी हॉक विमानं आठवतात. आमच्या तरुणपणी बीदरला शिकाऊ वैमानिक एचटी-2 वर हात बसवायचे. पंख्याचं, दोन आसनांचं साधं विमान. ते उभं केलं डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत गटिंगनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानं घडवू लागला. एचटी-2 नं 1951 च्या ऑगस्टमध्ये पहिलं उड्डाण केलं. भारतात आरेखन होऊन उत्पादनात गेलेलं ते पहिलं विमान; पुढे घानाच्या हवाई दलानंही ते घेतलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत घाटग्यांना याहून मोठी जागा हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

आम्ही त्याची बारापट लहान प्रतिकृती केली. मूळ पंखविस्तार 10.72 मीटर, आमचा 89 सेंटीमीटर. बालसाचं हलकं लाकूड कोलकात्याहून पार्सलनं यायचं. मास्तर चित्रकला शिकवायचे, म्हणून नकाशा त्यांचा. कापाकापी माझी. अण्णांकडे इंजिन: ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारं, बोटानं पंखा फिरवून सुरू करायचं. त्यांच्या बोटांवर कायम चिरा असायच्या.

हे विमान रेडिओवर चालणारं नव्हे. दोन बारीक पोलादी तारा, साधारण 15 मीटरच्या. एक टोक डाव्या पंखातून आत, दुसरं उडवणाऱ्याच्या मुठीत. मूठ वर कलली की विमान चढतं, खाली कलली की उतरतं, आणि उडवणारा मधोमध उभा राहून त्याच्याबरोबर गरगर फिरतो. नवख्याला हमखास चक्कर येते. विजेच्या तारांच्या आसपास हा खेळ चुकूनही करायचा नाही. आणि एकजण मुठीशी असला, तर विमान धरून सोडायला दुसरा लागतो. खुंटी ठोकून, दोरी ओढून एकट्यानंही सोडता येतं म्हणा. मी मात्र तसं कधी केलं नव्हतं.

दुरुस्ती मी दिवाळीनंतर काढली. जुना कागद थिनरनं भिजवून सोलला. शेपूट नवं केलं. नाकाचं लाकूड वर्षानुवर्षांच्या एरंडेलानं काळं पडलेलं. तेल मुरलेल्या लाकडाला डिंक धरत नाही, म्हणून तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवला. इंजिन तेल सुकून घट्ट झालं होतं. त्याच्यावर जोर करायला मन धजेना आणि ईथर तरी कुठून आणणार? शेवटी विजेची छोटी मोटर लावली. जुना आवाज नाही, एरंडेलाचा वास नाही. ही तडजोड मला अजून खुपते.

खरा पेच डाव्या पंखाचा होता. एकदा विमान बांधावर आदळून पंख मोडला, तेव्हा अण्णांनी रातोरात बांबूची कामटी लावून, शिवणाच्या दोऱ्यानं गुंडाळून तो सांधला होता. काम ओबडधोबड आणि जड. काढून नीट जोड द्यावा, असं माझे हात म्हणत होते. तेवढ्यात उजव्या पंखाचं टोक उघडलं, तर आत जुने मोठे दोन रुपये चिकटवलेले. पहिला मला ठाऊक होता. डाव्या बाजूच्या तारांचं वजन तोलायला उजव्या टोकात काहीतरी घालावंच लागतं. दुसरा अण्णांनी नंतर, आपल्या जड सांध्यासाठी घातलेला. आम्हाला बोलले नव्हते. सांधा काढायचा तर तो रुपयाही काढावा लागला असता. मी दोन्ही तसेच ठेवले आणि वर नवा कागद चढवला.

फेब्रुवारीत तूर निघाल्यावर शेताचा सपाट तुकडा धसकटं काढून साफ केला. सोडायला नात आली. चौथीत आहे. "घट्ट धर, मी हात वर केला की सोड, ढकलू नकोस," एवढं सांगून मी मुठीशी गेलो. तिनं बरोबर सोडलं. पहिली फेरी डगमगत गेली. दुसऱ्या फेरीला तारा ताठ झाल्या, आणि मग मुठीत ती जुनी ओढ आली. पाच फेऱ्या झाल्या. उतरताना चाक ढेकळात अडकलं, विमान उपडं झालं, पंखा मोडला. पंख शाबूत.

मी चक्कर आल्यामुळे खालीच बसलो होतो. नात विमान उचलून घेऊन आली. मोडका पंखा माझ्या हातात देत म्हणाली, "आबा, दुसरा लावा. आता मूठ मी धरते, तुम्ही सोडा."