कोंबडा, पण पिसारा कोंबडीचा!

सेब्राइट ही इंग्लंडमधली बुटक्या कोंबड्यांची दुर्मिळ जात. नर जेमतेम ६०० ग्रॅमचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉन सेब्राइट यांनी ती निवडक संकरातून घडवली. अंग सोनेरी किंवा रुपेरी आणि प्रत्येक पिसाला रेखीव काळी किनार.

खरी गंमत नराची. त्याला ना शेपटीची लांब, वळणदार पिसं, ना मानेवरची टोकदार. पिसारा थेट मादीसारखा! याचं कारण कातडीत आहे. एका जनुकाजवळ पूर्वी कधीतरी विषाणूचा डीएनए घुसला. त्यामुळे कातडीत ॲरोमॅटेज हे विकर भरपूर तयार होतं आणि टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकतं. जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी अशा नरांचे वृषण काढून टेस्टोस्टेरॉनच थांबवलं, तेव्हा त्यांना चक्क कोंबड्याचा पिसारा फुटला.

ही जात वाढवणं मात्र जिकिरीचं. अंडी कमी, पिल्लं नाजूक. शिवाय तिला पसरट, खडबडीत तुरा देणारं जनुक आईबाप दोघांकडून आलं, तर नराच्या शुक्राणूंची हालचाल मंदावते. एकाकडूनच आलं, तर तो अडथळा राहत नाही. म्हणूनच अशा तुऱ्याच्या जातींत साध्या तुऱ्याची पिल्लं अधूनमधून निघत राहतात.