उत्पादनातील अवरोध

उत्पादनक्रमातील ज्या टप्प्याची क्षमता सर्वांत कमी असते, त्यास अवरोध म्हणतात. संपूर्ण कारखान्याचे उत्पादन त्याच्याच गतीने ठरते; इतरत्र वेग वाढविल्यास केवळ अर्धवट मालाचे ढीग वाढतात. इझ्राएली भौतिकीविज्ञ एलियाहू गोल्डरॅट (१९४७–२०११) व जेफ कॉक्स यांच्या ‘द गोल’ (१९८४) या कादंबरीने हा विचार सर्वतोमुखी केला. तीत तोट्यातील कारखाना तीन महिन्यांत सावरावयाचा असलेल्या व्यवस्थापकास, सर्वांत मंद मुलामुळे रखडणारी बालवीरांची रांग पाहून हे तत्त्व उमगते.

साखरधंद्यात या तत्त्वाचा प्रत्यय येतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०–५१ च्या हंगामात सुरू झाला. अशा कारखान्यात तोडणी, वाहतूक, गाळप, रसाचे शुद्धीकरण, बाष्पन व स्फटिकीकरण हे टप्पे एकापाठोपाठ येतात. समजा, चरकांची क्षमता रोज २,५०० टन उसाची व स्फटिकीकरणाची २,००० टनांची आहे. तर २,००० टनांहून अधिक ऊस रोज गाळता येणार नाही. तोड वाढविल्यास गव्हाणीपुढे गाड्या तिष्ठतात. लोखंडी सुटे भाग पडून राहिले तरी टिकतात. तोडलेला ऊस मात्र वाळतो व त्यातील साखरेचे अपघटन होते. वजन घटल्याने शेतकऱ्याचे, उतारा घटल्याने कारखान्याचे आणि खेपा बुडाल्याने टनावर मजुरी मिळविणाऱ्या तोडणी मजुरांचे नुकसान होते.

म्हणून प्रथम अवरोध शोधावा, तो क्षणभरही रिकामा राहू देऊ नये, तोडणीसह इतर कामे त्याच्या गतीशी जुळवावीत आणि मगच नव्या यंत्रावर भांडवल गुंतवावे. एक अवरोध दूर होताच दुसरा टप्पा अवरोध ठरतो; त्यामुळे हा शोध पुन्हा आरंभावा लागतो.