आगोटीची लाकडं

कोकणात मृग नक्षत्र लागलं की लाकूड वाळवायचे दिवस संपतात. तोवर जे वाळलं ते वाळलं, पुढचे चार महिने नुसती राखण. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मधे उघडीप मिळाली तरी हवा ओलीच राहते. आर्द्रता ८५-९० टक्के असलेल्या या हवेत छपराखालचं कोरडं लाकूडसुद्धा हळूहळू ओल धरतं. त्यातलं पाणी १८-२० टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं. चूल नीट पेटायची तर हा आकडा २०च्या आत हवा. म्हणजे चांगलं वाळवलेलं आणि नीट झाकलेलं लाकूडही श्रावणात काठावरच पास होतं. मे महिन्यात जे अर्धवट ओलं होतं, त्याचं पुढे काहीच होत नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, कामांत लाकडं भरणं पापड-कुरडयांच्याही आधी येतं ते यामुळे.

गॅस घरोघरी आला, आमच्याही ओट्यावर शेगडी आहे. पण न्हाणीतला हंडा, उकड्या तांदळासाठी भात उकडायचं मोठं पातेलं आणि गणपतीत चाकरमानी आले की होणारा पंगतीचा स्वयंपाक या तिन्हींना अजून लाकूडच लागतं. त्यातला गणपती येतो भाद्रपदात, लाकडात ओल मुरलेली असते तेव्हा. त्यामुळे आमच्याकडे लाकडांचा सगळा हिशेब गणपतीपासून मागे मोजत केला जातो.

सुरुवात थंडीत होते. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, कवळ तोडतात तेव्हा ऐन-किंजळीच्या बारीक फांद्या राबाला जातात आणि मनगटाएवढ्या जाड फांद्या जळणासाठी बाजूला पडतात. शिवाय वादळात पडलेलं एखादं झाड, मोहोर न धरणारी काजूची म्हातारी झाडं, बांधावरचा गिरिपुष्प, नाहीतर सुरू आणि आकेशिया. उभं झाड तोडायचं तर १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी झाडं खासगी जमिनीत असली तरी परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत.

कुठलं लाकूड कशाला, हे घरातल्या बायकांना तोंडपाठ असतं. ऐन आणि किंजळ जड, सावकाश जळणारी. त्यांचा निखारा टिकतो, म्हणून भातासाठी तीच. सुरूचा जाळ कडक. काजू तडतडतो आणि ठिणग्या उडवतो, त्याला न्हाणीत धाडायचं. पांगारा हलका, नुसता भुरकन जळून जातो, तो साठवण्यात अर्थ नाही. बिब्ब्याला मात्र कुणी हात लावत नाही. त्याचा चीक अंगावर उततो, धूरही बाधतो. अनोळखी फांद्यांच्या भाऱ्यात बिब्बा आलाय का, हे सासूबाई अजूनही स्वतः बघतात.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी असतं. तसंच किलोभर लाकूड चुलीत घातलं तर त्यातलं अर्ध्या लिटरपर्यंत पाणी आधी आटवावं लागतं, आणि त्याला लागणारी आच त्याच लाकडातून जाते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पाणी आटेपर्यंत जाळ तापत नाही, लाकडातून सुटणारे वायू न जळताच धूर होऊन वर जातात, भांड्यांना काजळी धरते आणि फुंकणीपाशी बसलेलीचे डोळे चुरचुरत राहतात.

हे पाणी बाहेर काढायचं तर लाकडाची रचना समजून घ्यावी लागते. झाडात पाणी मुळाकडून शेंड्याकडे उभ्या नळ्यांतून चढतं, आणि तोडल्यावर बाहेरही त्याच वाटेनं, म्हणजे कापलेल्या टोकांतून, सगळ्यात लवकर पडतं. साल त्याला जवळजवळ अडवूनच धरते. त्यामुळे अखंड ओंडका उन्हात पडून राहिला तरी आतून ओलाच असतो. तो हातभर लांबीचा तोडला की टोकं वाढतात, उभा फोडला की सालीआतला गाभा उघडा पडतो.

आमच्याकडे लाकडं फोडायला वाडीतले एक तात्या येतात. माप म्हणून ते कुऱ्हाडीचा दांडाच वापरतात. चुलीसाठी अर्धा दांडा, न्हाणीसाठी त्याहून लांब. ओंडका उभा ठेवला की घाव घालण्याआधी ते त्याच्याकडे वरून बघतात. टोकाला उन्हानं पडलेली बारीक भेग असते, घाव त्या भेगेवर पडला की दोन फाका आपसूक बाजूला होतात. गाठ दिसली तर ओंडका फिरवायचा, गाठीवर घाव घालायचा नाही. फारच चिवट निघाला तर लोखंडी पाचर बसवून घणानं ठोकायची. उडालेल्या ढलप्याही वाया जात नाहीत, त्या पोत्यात भरून चूल पेटवायला ठेवतात.

फोडलेली लाकडं लगेच रचत नाहीत. शेतं कापून मोकळी असतात, तिथे किंवा अंगणात ती पसरून उन्हं खातात. बारीक फाक एप्रिल-मेच्या उन्हात काही आठवड्यांत वाळते, जाड लाकडाला सगळा उन्हाळाही कमी पडतो. वाळलं की नाही हे ओळखायला दोन फाका एकमेकींवर आपटायच्या. वाळलेल्या टणटणतात, ओल्यांचा नुसता ठप्प आवाज येतो. टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल नखानं सुटते, आणि हातात घेतल्यावर लाकूड दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं.

रचण्याची जागा घराच्या पूर्वेला, मागच्या पडवीलगत. पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येते, त्या बाजूला घराचीच भिंत आड येते. खाली आधी दोन ओळीत जांभ्याचे चिरे मांडायचे आणि त्यांवर पोफळीचे दोन सोट आडवे टाकायचे. जमिनीपासून वीतभर अंतर राहतं. ओल वर चढत नाही, खालून वारा खेळतो, आणि वाळवी आलीच तर तिची मातीची नळी चिऱ्यावर चढताना नजरेस पडते. चिऱ्यांभोवती चुलीतली राख पसरतात. भिंतीपासूनही हातभर जागा सोडायची. ही जागा सोडणं नव्या माणसाच्या फार जिवावर येतं, कारण भिंतीला टेकलेली रास भक्कम वाटते. पण टेकवलं की वारा अडला, भिंतीची ओल लाकडात आली आणि वाळवीला लपून चढायला वाट मिळाली.

रास ढासळू नये म्हणून दोन्ही टोकांना आधी खांब उभारायचे. दोन फाका उभ्या, त्यांवर दोन आडव्या, पुन्हा दोन उभ्या, अशी चौकट छातीपर्यंत चढवायची. इथे सरळ, सारख्या जाडीची लाकडं वापरायची. वेडीवाकडी पोटात जातात. दोन चौकटींच्या मधल्या जागेत लाकडं एका दिशेनं, टोकं बाहेर करून. मी पहिल्यांदा रचायला बसले तेव्हा फटी दिसल्या की बारीक काटक्यांनी त्या बुजवत होते. रास चापूनचोपून छान दिसत होती. सासूबाईंनी काही न बोलता काटक्या उपसून काढल्या आणि म्हणाल्या, “वाऱ्याला वाट ठेव गो.” तेव्हापासून मी रास बघते ती फटींकडून. दोन फाकांमधून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. काटक्यांच्या मोळ्या वेगळ्या बांधून पडवीच्या आढ्याला जातात.

सालीचा उपयोग वरच्या थरात. सगळ्यात वरची लाकडं साल वर करून ठेवली की चुकून पडलेलं पाणी ओघळून जातं. त्यावर पत्रा, पुढच्या बाजूला उतार देऊन, वर दगड. पूर्वी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप असत, अजूनही पत्र्याखाली काही घरं घालतात. निळं प्लास्टिक स्वस्त पडतं, पण ते चारही बाजूंनी गुंडाळलं तर लाकडातून सुटलेली वाफ आतल्या बाजूला धरते आणि पुन्हा लाकडावरच ठिबकते; पंधरवड्यात बुरशी दिसते. डोकं झाकायचं, बाजू उघड्या ठेवायच्या.

सगळ्यात डोकं लागतं ते क्रम लावायला. जे आधी लागणार ते हाताशी, जे शेवटी लागणार ते आत. म्हणून भिंतीकडच्या टोकाला सगळ्यात आधी गणपतीची ऐन-किंजळ रचली जाते, तिच्या पुढे आषाढ-श्रावणाची रोजची लाकडं, दाराजवळ न्हाणीचा काजू. गेल्या वर्षीची उरलेली लाकडं नव्यांच्या खाली कधीच गाडायची नाहीत. दोन-तीन वर्षं पडलेल्या लाकडाला भुंगा पोखरतो, आणि त्याचा पिवळा भुगा खाली सांडलेला दिसला की ते आधी संपवायचं.

काढताना एकाच टोकानं, वरून खाली. मधूनच ओढलं तर रास अंगावर येते, आणि आत कोण आहे ते कळत नाही. फटी वाऱ्याच्या असतात तशा फुरशाच्या आणि विंचवाच्याही असतात. लाल विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येऊन कोकणात माणसं दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग करून दाखवला आणि मृत्यूचं प्रमाण फार खाली आणलं. औषध आहे म्हणून हात निष्काळजी होत नाही. आधी काठीनं ठोकायचं, पायात चप्पल हवी, दिवेलागणीनंतर बोटं आत घालायची नाहीत. दुसऱ्या दिवशीची लाकडं उजेडी आत आणून चुलीच्या कडेला उभी करतात. राहिलेली ओल तिथल्या उबेनं जाते.

या सगळ्याची परीक्षा गणपतीत होते. भांडंभर भाताखाली लाकडाच्या टोकाला फेस आला, चूल धुमसली, तर त्या दिवशी फुंकून काही साधत नाही. ते लाकूड मार्चमध्येच फोडायला हवं होतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला पाणी तापवूनही दोन-चार थर उरले तर भरणी बरोबर झाली. तेवढे पुढे ओढून ठेवायचे, चिरे झाडून घ्यायचे, आणि तात्यांना कुऱ्हाडीला धार लावून ठेवायला सांगायचं.